रामापुढची खुर्ची

सांगा सांगा म्हणून डोकं खाऊ नका. एकदाच सांगतो, मधे कुणी खोकायचं नाही.

नांदूरच्या राममंदिरात हिरामण वाघचौरे जन्मभर मृदंग वाजवत आला. म्हातारपणी गुडघे झिजले, तशा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कापाकापी नको. वजन उतरव, मांडीचे व्यायाम कर, शेक घे. पण खाली मांडी घालून बसणं बंद." हिरामणनं सगळं निमूट केलं आणि काठी सुटली. रामनवमीला गडी मृदंग घेऊन खुर्चीत बसला.

भजनी मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब जाचक खेकसले, "देवापुढं खुर्ची? नवाबाची अवलाद! खाली बस, नाहीतर मृदंग ठेव आणि चालू लाग."

मृदंग सुटला तर हिरामणकडं उरणार काय? त्यानं गाभाऱ्याकडं बोट केलं. "बापूसाहेब, राम उभा, लक्ष्मण उभा, सीतामाईसुद्धा उभी. आणि तुम्ही तिच्यापुढं खुशाल मांडी ठोकून बसलात? मान द्यायचा तर पुरता द्या. हा बघा, मी उठलो. उठा!"

हिरामण झटक्यात उभा राहिला. लाजेकाजेनं सगळं मंडळ उठलं. बापूसाहेबांचे गुडघे मात्र कडकड वाजले आणि ते परत खाली आपटले. शेवटी हिरामणच्याच खुर्चीला धरून कसेबसे वर आले आणि कण्हत तिच्यातच बसले.

"बसा, बसा," हिरामण म्हणाला. "अरे, माझ्यासाठी दुसरी आणा कुणीतरी!"

त्या दिवशी मृदंग असा घुमला की वेशीपर्यंत ऐकू गेला. आता मंदिरात भिंतीला खुर्च्यांची रांग आहे. फक्त त्या 'नवाबाच्या अवलादी'बद्दल माफी मागायची राहिलीय. कुणी? बापूसाहेब जाचकांनी.