आवडीचा टेका

उंबरमाथ्याच्या चढणीवर, वाट सगळ्यात उभी होते त्या वळणाला, दगडांचा एक चौथरा आहे. बाईमाणसाच्या खांद्याइतका उंच, वरून सपाट. त्यावर हळदकुंकू वाहिलेले असते, म्हणून पाहुणे चपला काढतात, हात जोडतात आणि विचारतात, हा कुठला देव? मग गावचे गुणाजीबाबा मिशीत हसतात.

"देव नव्हे बाबांनो. ही ओवाळणी आहे."

फार मागे, असे सांगतात, खालच्या नदीकाठची आवडी या गावात दिली होती. तिला धाकटा भाऊ एकच, म्हादू. अंगाने दांडगा, डोक्याने तापट. विचार यायच्या आत हात चालायचा. त्या पावसाळ्यात त्यांची आई गेली. बाप त्याआधीच गेलेला. दिवाळी तोंडावर आली तशी म्हादूला एकच गोष्ट खाऊ लागली. आई नाही म्हणजे आपल्याला माहेर नाही, असे आक्काला वाटले तर?

दर भाऊबीजेला ओवाळणीचे गाठोडे आई बांधून द्यायची, हा नुसता नेऊन पोचवायचा. आत काय आहे ते त्याने कधी पाहिले नव्हते. यंदा हाताशी काहीच नव्हते. मग पठ्ठ्याने अंगावरची घोंगडी बाजारात दिली आणि शेळी घेतली. भरपूर दूध देते, असे विकणारा म्हणाला होता म्हणे.

भाऊबीजेला शेळी आक्काच्या दारात आली. तिने दूध दिले पळीभर. खाल्ला मात्र परसातला सगळा वेल आणि त्यावर सासूच्या लुगड्याचा पदर.

"आवडे, तुझ्या भावाने शेळी आणली की जावई?" सासू म्हणाली. "दिवसभर खायला मागते आणि कामाला हात लावत नाही."

आवडी खळखळून हसली. म्हादूचे कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या अंधारात आवडी गवताला निघाली. आता शेळीचाही चारा आणायचा होता. म्हादू मुकाट्याने मागोमाग गेला आणि परतताना त्याने भारा हिसकावून आपल्या डोक्यावर घेतला. या वळणापर्यंत येता येता त्याची मान लटलटू लागली.

"आक्का, टाकू का जरा खाली?"

"टाक की. तू आहेस, मी आहे, उचलू दोघे. मी एकटी असते तेव्हा टाकला तर परत डोक्यावर कोण देणार? एका दमात चढायचं."

"रोज?"

"रोज. आईला माहीत होतं. तिला दुसरं काय जमणार? जुन्या लुगड्याची चुंबळ शिवून धाडायची, डोक्याला रुतू नये म्हणून. तूच तर आणायचास."

आईने चिंध्यांतून जे दिले ते म्हादूला घोंगडी विकूनही देता आले नव्हते. वाटेच्या कडेला बसून तो लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसले आणि उठून ओढ्यातले दगड वाहायला लागला.

"शेळी तर राहिलीच, आता भाऊही मुक्कामाला राहिला," सासू म्हणाली. पण भाकरी मात्र तिने जास्तीची थापली.

चौथरा उभा राहिला. म्हादूने आवडीला भाऱ्यासकट बोलावले. ती आली आणि बघतच राहिली. दगड तिच्या डोक्याच्याही वर गेले होते. घाईत पठ्ठ्याने स्वतःचा खांदा धरून माप घेतले होते!

"म्हादू, हे माझ्यासाठी की उंटासाठी रे?"

म्हादूने रागारागाने वरचे दगड ढकलून दिले. मग जरा शांत झाला आणि म्हणाला, "आक्का, इथे दगडाला खांदा लावून उभी राहा. हलू नकोस." आयुष्यात पहिल्यांदा त्याने आधी माप घेतले आणि मग हात चालवला.

दुसऱ्या दिवशी आवडी भारा घेऊन वळणावर आली. किंचित वाकली, मान तिरकी केली आणि भारा अलगद दगडावर सरकला. कुणाचा हात लागला नाही. ती मोकळ्या मानेने सरळ उभी राहिली. आजवर पहाटेच्या काळोखात पायाखाली बघत उतरायचे आणि चढताना मान भाऱ्याखाली, एवढीच वाट तिला ठाऊक होती. म्हादूने भारा घेतला त्या दिवशीही तिची नजर त्याच्या मानेवरच होती. तिने समोर पाहिले. खाली नदी चमकत होती. नदीपलीकडे चिंच, चिंचेखाली एक गवती छप्पर.

"म्हादू," ती म्हणाली, "इथून आपलं घर दिसतं रे."

पुढे म्हणे शेळीही सुधारली. सासूची इतकी लाडकी झाली की तिच्या चाऱ्याला सासू स्वतः जाऊ लागली आणि टेक्यावर सगळ्यात जास्त वेळ तीच भारा टेकवून ठेवायची.

तेव्हापासून गावात रीत पडली. भाऊबीजेला आलेला भाऊ आधी बहिणीचा भारा डोक्यावर घेऊन ही चढण चढतो आणि मगच पाटावर बसतो. ताटात काय घातले ते कुणी विचारत नाही. शहरातून गाडीने आलेलेही सुटत नाहीत. त्यांची फजिती बघायला सगळी वाडी वळणावर जमते.

आणि आजही भारा टेकवल्यावर इथल्या बाया आधी घाम पुसत नाहीत. आधी खाली बघतात.