हेमलताबाईंचा बोलका फळा

“...पण नाना, सगळं ऐकून घेतल्याशिवाय मला कळणार कसं?”

हेमलता शिंत्रे यांचा हा प्रश्न त्या सकाळी पुन्हा एकदा आला. नाना हुपरीकर पुन्हा एकदा काही बोलले नाहीत.

नाना जन्मांध. वय सत्तरीपार. कोल्हापुरात आपल्याच घराच्या ओसरीवर बसून दृष्टी नसलेल्यांना कॉम्प्युटर शिकवायचे. शिकवण्यापेक्षा गप्प बसण्याबद्दलच त्यांचा लौकिक जास्त होता.

आणि हेमलताबाई म्हणजे पंपांच्या कारखान्यात नियोजन बघणाऱ्या. कुठलं काम कोणी करायचं, कुठला पंप कधी गाडीत चढवायचा, सगळं त्यांच्या शब्दावर. गेल्या वर्षीच्या तापानं त्यांचे डोळे नेले. ताठा तेवढा मागं राहिला, आणि राहिला ते बरंच झालं म्हणायचं.

कारखान्याचं सगळं नियोजन कॉम्प्युटरवरच्या एका फळ्यावर चाले. फळ्यावर रकाने: करायचं, चालू, चाचणी, रवाना. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. काम पुढं सरकलं की चिठ्ठी पुढच्या रकान्यात. डोळसाला हा पोरखेळ. हेमलताबाईंना मात्र आता स्क्रीन रीडर लागे, म्हणजे पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा बोलका प्रोग्रॅम.

कारखान्याच्या मालकांनी, घाटगेसाहेबांनी, आडपडदा ठेवला नव्हता. सोमवारच्या मीटिंगमध्ये फळा चालवून दाखवा, नाहीतर ते काम बाईंच्या हाताखालच्या अभिजितकडं जाईल. पगार चालू राहील. खुर्चीही राहील.

“नुसत्या खुर्चीवर मी बसणार नाही,” पहिल्याच दिवशी त्या नानांना म्हणाल्या होत्या. “त्यापेक्षा घरी पापड लाटीन. तेही येत नाहीत मला, पण शिकेन.”

“चालव बघू फळा,” नाना आता म्हणाले.

हेमलताबाईंनी लॅपटॉपवर फळा उघडला. एका बाईचा एकसुरी आवाज सुरू झाला.

“मुख्य पान, दुवा. शोधा, बटण. सूचना, बटण. मदत, दुवा...”

हेमलताबाई मांडीवर हात ठेवून ऐकत बसल्या. आवाज सावकाश पहिल्या रकान्यात शिरला. एकेक चिठ्ठी, तिच्यावर कोणाचं नाव, कुठली तारीख, काय शेरा. काही म्हणता काही सोडत नव्हता. शेजारच्या चहावर साय धरली.

“कीबोर्डवरच्या कळा माहीत आहेत ना तुला?” नानांनी विचारलं.

“सगळ्या. तोंडपाठ आहेत.” बाई जरा तोऱ्यातच बोलल्या. “एच दाबला की पुढचा मथळा, म्हणजे पुढचा रकाना. खालचा बाण दाबला की पुढची चिठ्ठी. कंट्रोल दाबला की आवाज बंद. झोपेत उठवून विचारा.”

“मग दाबत का नाहीस?”

“तिचं पुरं होऊ दे की. मध्येच काही महत्त्वाचं असलं आणि सुटलं तर?”

“...डोळे होते तेव्हा काही सुटायचं नाही?”

“छे. एक नजर टाकली की अख्खा फळा.”

“अख्खा?”

“अख्खा.”

“मग त्या ‘मदत’वाल्या दुव्याचा रंग कसला होता?”

हेमलताबाईंनी रंग आठवून पाहिला. वर्षानुवर्षं रोज समोर असलेला दुवा. पण तिथं असा काही दुवा आहे, हेच मुळी त्यांना डोळे गेल्यावर कळलं होतं.

“ते जाऊ दे, नाना. सोमवार तोंडावर आलाय. मला काहीतरी युक्ती सांगा.”

“सांगतो,” नाना म्हणाले.

आणि ज्या माणसाच्या तोंडून शब्द काढायचा तर कष्ट पडायचे, तो माणूस सुटलाच.

“आमची एक मावशी कागलला असायची. तिच्या दारात चिंच. चिंचेखाली एक कुलपं दुरुस्त करणारा बसायचा. म्हणजे आधी तो छत्र्या करायचा, पण छत्र्यांत काही राम नाही म्हणून कुलपांकडं वळला. त्याचा भाऊ मात्र छत्र्यांतच राहिला. भाऊ मोठा गमतीदार. त्याला भोपळ्याची भाजी चालायची नाही, पण भोपळ्याच्या घाऱ्या म्हणाल तर...”

हेमलताबाई हात जोडून ऐकू लागल्या. मोठं माणूस बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हे त्यांच्या हाडीमासी मुरलेलं. त्यात हे तर गुरू. युक्ती आत्ता येईल, मग येईल, म्हणून त्या कान टवकारून बसल्या. घाऱ्या संपल्या. मावशीच्या म्हशीचं आजारपण सुरू झालं.

तेवढ्यात फोन वाजला. घाटगेसाहेब.

“बाई, शिरोळच्या पाणीयोजनेचा पंप तयार आहे म्हणतात. गाडी दारात उभी आहे. चढवू का? फळ्यावर बघून सांगा.”

“बघते, साहेब.”

“जमेल ना? की अभिजितला विचारू? रजेवर आहे तो, पण फोन उचलेल.”

“मी सांगते. तुम्ही फोन धरून ठेवा.”

त्यांनी फळा पुन्हा उघडला. “मुख्य पान, दुवा. शोधा, बटण...”

“...तर ते कुलूप कुणाचं,” नानांचं आपलं चालूच, “तर आमच्या मावशीच्या नणंदेचं. नणंद कसली, लवंगी मिरची. तिनं किल्ली ठेवली डाळीच्या डब्यात, आणि डबा...”

“सूचना, बटण. मदत, दुवा...”

“बाई, आहात ना?” साहेब म्हणाले.

कानांत नुसता बाजार भरला होता. एकाला ऐकावं तर दुसरा निसटतोय. बाई घाबरल्या होत्या, चांगल्याच घाबरल्या होत्या. अभिजितचं नाव, दारातली गाडी, रिकामी खुर्ची, सगळं एकदम अंगावर आलं. मग त्यांना राग आला. त्या बाईच्या आवाजाचा आला, म्हशीचा आला, डाळीच्या डब्याचा आला.

“नाना, गप्प बसा.”

थांबा नाही. जरा ऐका नाही. सरळ, गप्प बसा.

नाना अर्ध्या शब्दावर थांबले.

बाईंचं बोट एचवर पडलं. “सूचना, ब—” तिथंच तुटलं. “करायचं, मथ—” एच. “चालू—” एच. “चाचणी.” खालचा बाण. “निपाणी, सा—” नको. “गडहिं—” नको. “जत—” नको. “शिरोळ...”

इथं त्यांनी बोट उचललं. त्या आवाजाला बोलू दिलं.

“शिरोळ पाणीयोजना, मोठा पंप. शेरा: सीलमधून पाणी झिरपतंय. सील बदलून पुन्हा चाचणी घेणे.”

“साहेब, चढवू नका. सील गळतंय. दुसरी चाचणी राहिलीय.”

“फोरमन तर झाली म्हणतोय.”

“सील बदललं का, तेवढं विचारा त्याला.”

...

लांबून कुणाकुणाची बोलाचाली ऐकू आली. मग साहेब परत आले. “नाही बदललं म्हणे. पहिलीच चाचणी धरून बसलाय. गाडी परत पाठवतो. तो पंप तिकडं बसला असता तर गावानं मला जोड्यानं मारलं असतं.”

“चिठ्ठी चाचणीतच ठेवते, साहेब. अभिजितला फोन करू नका. रजेवर आहे, आराम करू दे त्याला.”

“बरं... सोमवारी वेळेवर या. मीटिंग तुम्हीच सुरू करा.”

फोन बंद झाला. हेमलताबाईंनी पदरानं तोंड पुसलं. फार आनंद झाला होता त्यांना, आणि तो कुणापासून लपवावा असंही वाटलं नाही.

मग एकदम त्यांना आठवलं, आपण कुणाला काय बोललो ते. त्या चाचपडत पुढं सरकल्या आणि नानांच्या पायांवर हात ठेवले.

“नाना, चुकलं माझं. तुम्ही माझ्यासाठी एवढा घसा कोरडा करून सांगत होता, आणि मी तुम्हालाच गप्प बसा म्हणाले. आता शेवटपर्यंत ऐकते. सांगा ना, त्या कुलपाचं पुढं काय झालं?”

नानांनी चहाच्या कपाकडं हात नेला. साय बोटानं बाजूला केली. निवांत एक घोट घेतला.

“मला काय ठाऊक?” नाना म्हणाले. “मी कुठं ऐकत होतो?”