कारखानिसांची गाडी

"...म्हणून विचारतो बुवा, ठेवावी की मोडीत काढावी?"

मुकुंदबुवा शेंगा फोडत होते. बोरटेकडीच्या मठात दुपारनंतर त्यांना दुसरं काम नसे. आलेल्या माणसापुढे मूठभर दाणे ठेवायचे आणि त्याला बोलू द्यायचं, एवढाच तिथला उपदेश.

बोलत होते कारखानीस सर. जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेला माणूस. निवृत्त झाले तरी वर्ग काही सुटला नव्हता. समोर बसेल तो विद्यार्थी.

"गाडी जुनी आहे," सर म्हणाले. "मेकॅनिक म्हणतो, इंजिन खोलावं लागेल. तो सांगतो त्या खर्चात तसलीच दुसरी जुनी गाडी येईल. म्हणजे दुरुस्त केली तर तो निव्वळ मोह. मान्य?"

"मान्य."

"पण इतकी वर्षं जिने आम्हाला वाहिलं, तिला भंगारवाल्याच्या हवाली करायचं, हा कृतघ्नपणा. मान्य?"

"तेही मान्य."

"मग?"

बुवांनी एक शेंग फोडली. किडकी निघाली. ती बाजूला टाकली...

सरांना खरोखरच उत्सुकता होती. या म्हाताऱ्याने भल्याभल्यांची कोडी एका शब्दात सोडवली, असं ते ऐकून होते. तो शब्द आपल्या कोड्याला कसा लागू पडतो, हे त्यांना पाहायचं होतं. आणि खरं सांगायचं तर, नाही पडला तरी त्यांना फारसं वाईट वाटलं नसतं.

"चालते का पण?" बुवांनी विचारलं.

"उत्तम चालते. एकदा सुरू झाली की."

"आणि सुरू कशी होते?"

"धक्का द्यावा लागतो."

"कोण देतं?"

सरांनी चार दाणे तोंडात टाकले.

"ही देते."

ही म्हणजे कमलिनीबाई. अंगणातल्या चाफ्याच्या पारावर बसल्या होत्या, एक हात कमरेवर. ठेवा म्हणा, काढा म्हणा, निकाल कोणताही लागला तरी त्यांची सुटका होती. लागत नव्हता तो निकालच.

"आणि तुम्ही?"

"मी आत. स्टिअरिंगवर. नेमक्या क्षणी क्लच सोडायचा असतो बुवा. तिथे गफलत चालत नाही."

"कधीपासून हे?"

"दिवाळीपासून."

आता चैत्र चालू होता.

"म्हणजे विचार दिवाळीपासून चाललाय."

"घाईने निर्णय घेणं माझ्या स्वभावात नाही."

"खरं आहे," बुवा म्हणाले. "बसायला जागा आहे तुम्हाला."

सर हसले. मग ते हसू जरा आखडलं. यात काही होतं की नव्हतं, हे त्यांना कळेना.

ऊन उतरलं. निघायची वेळ झाली...

बुवा उठले. अंगावरची टरफलं झटकली, गाडीपाशी गेले आणि पुढचं दार उघडलं. सरांना वाटलं, आता काहीतरी सांगणार.

"ताई, तुम्ही बसा इथे."

"मी?"

"येते ना चालवायला?"

कमलिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "लायसन्स आहे माझं. ह्यांच्या आधीचं."

"अगं पण सवय कुठे आहे तुला..." सर लगबगीने उठले.

तोवर बाई स्टिअरिंगवर बसल्या होत्या. बुवांनी मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर ते स्वतः ऐसपैस बसले.

आता काम एकच उरलं होतं, आणि माणूसही एकच. सर मुकाट्याने गाडीच्या मागे गेले.

डिकीवर धूळ बसली होती. त्या धुळीत हातांचे दोन पंजे उमटलेले होते. लहानसे. सकाळच्या धक्क्याचेच. त्यांवर हात ठेवायचा सरांना धीर होईना. त्यांनी हात जरा वर टेकवले आणि जोर लावला.

गाडी ढिम्म हलली नाही.

"अहो, वाका," आतून कमलिनीबाई म्हणाल्या. "खालून जोर लावा. पाय तिरपे रोवा."

आवाजात राग नव्हता. रोजची माहिती होती फक्त. सरांना तीच जास्त लागली.

ते वाकले. हात आपोआप त्या पंजांवरच पडले...

गाडी हलली. कमरेतून सणकन कळ गेली. गाडी खोकली, गप्प झाली. पुन्हा रेटा. चष्मा घसरला, एक चप्पल मागे राहिली. पुन्हा खोकली, पुन्हा गप्प. तिसऱ्या खेपेला मात्र धडधडत सुरू झाली. क्लच नेमक्या क्षणी सुटला होता.

फाटकापाशी जाऊन गाडी थांबली. इंजिन चालूच होतं.

सर एका पायात चप्पल घालून, धापा टाकत तिथवर पोचले. मागच्या खिडकीला धरून उभे राहिले. काहीतरी विचारायचं होतं, पण दम पुरेना...

बुवांनी काच खाली केली.

"बोला, कारखानीस. आता तुमचं मत ऐकण्यासारखं असेल."