जिवंत माणसांची यादी

"यातले जिवंत किती?"

सोमगिरी महाराजांनी कागदावरची नजर न काढता विचारलं.

अच्युत गाडगीळ हसला. महाराज अधूनमधून थट्टा करायचे, तशीच ही असेल असं त्याला वाटलं.

"सगळेच, महाराज. मतदारयादी आहे ही."

"असं..."

महाराजांनी पान उलटलं.

अच्युत निवडणुकीच्या कामावर नेमलेला तरुण अधिकारी. स्वराज्य येऊन चार वर्षं झाली होती, इथलं संस्थान विलीन होऊन तीन, आणि देशातलं पहिलंच मतदान दोन महिन्यांवर आलं होतं. डोंगरातलं धावडी गाव आणि त्याच्या चार वाड्या, यांची यादी करायला आधी दोन कारकून गेले होते आणि हात हलवत परत आले होते. अच्युतनं सहा दिवसांत सहाशे बारा नावं लिहून आणली. त्यामुळे स्वारीची मान जरा ताठच होती.

यादी सोमवारी तालुक्याला पोचवायची होती. त्याआधी धावडीच्या वरच्या मठात महाराजांना दाखवून शाबासकी घ्यावी म्हणून तो गुरुवारी सकाळीच चढण चढून आला होता. कॉलेजात होता तेव्हापासून तो महाराजांकडे येई, चार दिवस राही, आणि खाली गेल्यावर स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवून घेई. महाराजांनी त्याला शिष्य कधी म्हटलं नव्हतं. नाही असंही म्हटलं नव्हतं.

"लिंबाजी गोमा," महाराजांनी वाचलं. "याला पाहिलंस तू?"

"तो रानात गेला होता. भावानं नाव सांगितलं."

"अकरा वर्षं झाली त्याला रानात जाऊन. वाघानं नेला. जे काही सापडलं, त्याला मूठमाती मीच दिली."

अच्युतच्या तोंडचं पाणी पळालं.

महाराजांचं बोट सावकाश खाली सरकत होतं. ही ठकी, साप चावून गेली. हे दोघे भाऊ पटकीच्या साथीत एकाच दिवशी गेले. ही हिरू पहिल्या बाळंतपणात गेली. प्रत्येक नावाशी ते क्षणभर थांबत, जणू ते माणूस समोरून चाललं आहे. तिसऱ्या पानावर अच्युतनं मोजणं सोडून दिलं.

मग महाराजांनी त्याला सगळा प्रकार सांगितला. संस्थानी अमलात गावात कुणी कागद-लेखणी घेऊन आला, की तो वेठीसाठीच आलेला असे. जहागीरदाराची पालखी उचलायला, शिकारीत रान उठवायला, घाटात दगड फोडायला. ज्याचं नाव कागदावर चढलं, त्याला फुकट राबावं लागे, आणि कितीतरी जण परत येत नसत. धावडीच्या लोकांनी त्यावर आपला इलाज शोधून काढला होता. घरोघरी दोन-तीन मेलेल्यांची नावं तयार ठेवायची आणि लिहिणारा आला की तीच पुढं करायची. शिपायांनी कितीही शोधलं तरी ती माणसं सापडणार कुठून? लिंबाजी तर मेल्यानंतर तीन वेळा वेठीला गैरहजर लागला होता. गावात त्याचं नाव अजूनही मोठ्या आदरानं घेतलं जाई.

"मला फसवलं त्यांनी," अच्युत म्हणाला.

"तुला नाही. कागदाला."

"खोटी माहिती देणं गुन्हा आहे, महाराज. खटला भरता येतो."

"भर की. समन्स लिंबाजीला जाईल."



यादी आहे तशी दिली असती तरी तालुक्यात कुणाला काही कळणार नव्हतं. उलट पाठ थोपटली गेली असती. पण जुन्या जहागीरदारांचा पुतण्या याच मतदारसंघातून उभा होता, आणि धावडीची यादी कधी होणार, याची चौकशी करायला त्याची माणसं कचेरीत दोनदा येऊन गेली होती. ती का येत होती, हे अच्युतला आत्ता उमगलं. मेलेले मतदानाला येत नाहीत, त्यांच्या नावानं दुसरेच येतात. आणि जे खरोखर जिवंत होते ते मतदान केंद्राच्या दारापर्यंत येणार, आणि यादीत तुमचं नाव नाही असं ऐकून परत जाणार. इतक्या पिढ्यांत पहिल्यांदाच त्यांना कुणी काही विचारणार होतं, आणि त्याच दिवशी तुम्ही नाहीच असं त्यांना सांगितलं जाणार होतं. अच्युतला लाज वाटली. मघाच्या ताठ मानेची तर फारच वाटली.

"महाराज," तो म्हणाला, "तुम्ही एक शब्द टाका. खरी नावं द्या म्हणून सांगा. तुमचा शब्द धावडीत कुणी मोडणार नाही."

"नाही मोडणार."

"मग सांगा ना."

"सांगतो." महाराजांनी कागद खाली ठेवले. "आणि मत कुणाला द्यायचं, तेही मीच सांगू?"

मग मी करू तरी काय, असं अच्युतनं दोन वेळा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. महाराज अंगणाकडं बघत होते. तिथं धावडीची राही म्हातारी शेणानं सारवत होती. मठाचं अंगण ती वर्षानुवर्षं सारवत आली होती. मागच्या टाक्यावर पाण्याला येणाऱ्या गावच्या बायका तिच्या शब्दाबाहेर नसत.

"तिला विचार," महाराज म्हणाले.

अच्युत कोरा कागद घेऊन अंगणात उतरला. यादीत ही बाई ठकी म्हणून लागली होती. ठकी ही तिची जाऊ, सापानं गेलेली.

"आजी, तुमचं खरं नाव काय?"

राहीनं हात थांबवला. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती महाराजांकडं बघत राहिली, त्यांची मान होकारार्थी हलते की नाही, हे बघत.

महाराजांनी जागच्या जागी वळून तिच्याकडं पाठ केली.

म्हातारीनं त्या पाठीकडं बघतच हात पदराला पुसले आणि प्रथमच अच्युतकडं नीट पाहिलं.

"तुजं नाव काय?" तिनं विचारलं.

धावडीत सहा दिवस तो साहेब होता. त्याला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यानंही सांगितलं नव्हतं.

"अच्युत."

"बापाचं?"

"विष्णू. गाडगीळ आडनाव."

गाव कोणतं, घरात कोण आहे, आई आहे का, लेकरं किती, हेही तिनं एकेक करून विचारून घेतलं. तो धावडीकरांना ज्या सुरात विचारत आला होता, तोच तिचा सूर होता.

"आन् उंद्या वेठीला न्याया शिपाई आला, म्हंजी?"

"वेठ बंद झाली आजी. आता तसा कायदा आहे."

"आसंल. पर त्यो कायदा ऱ्हातो कुठं, त्ये सांग. आमी त्येच्या दारात जाऊ."

कलम अच्युतला पाठ होतं, पण कलमाला दार नसतं.

तो खाली बसला. कोऱ्या कागदाचा अर्धा तुकडा त्यानं फाडला आणि त्यावर स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, आळी, घराची खूण असं सगळं लिहिलं. खाली सही केली. अशा कागदावर सही करायची वरून परवानगी नव्हती, आणि उद्या काही बरंवाईट झालं तर ही माणसं खरोखरच त्याच्या आईसमोर जाऊन उभी राहणार होती.

"मी राहतो इथं," तो म्हणाला. "तसं काही झालं, तर माझ्या दारात या."

राहीला वाचता येत नव्हतं. तिनं कागद उलटसुलट केला, आणि वाचून घ्यावा म्हणून महाराजांकडं पाहिलं. पाठ तशीच होती. तिनं कागदाची घडी केली आणि कनवटीला खोचली.

"राही," ती म्हणाली. "लिव्ह."

"पतीचं नाव?"

म्हातारीनं पदर पुढं ओढला. टाक्यावरून एक बाई ओरडली, "बुध्याची हाय ती. बुधा भांगरे."

त्यानंतर फार बोलणं झालं नाही. राही टाक्याकडं गेली आणि बायकांना काय म्हणाली कोण जाणे, पण एकेक हंडा खाली टेकू लागला. पाण्याला लागते तशीच रांग अंगणात लागली. प्रत्येकीनं आधी अच्युतला नाव विचारलं आणि मग आपलं सांगितलं. नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ आली की मागची बाई पुढचीच्या नवऱ्याचं नाव सांगे. एका नवीन लग्न झालेल्या मुलीच्या नवऱ्याचं नाव तर पाच जणींनी मिळून सांगितलं आणि सगळी रांग हसली. दुपारपर्यंत पुरुषही खालून चढून येऊ लागले. यादी सोमवारी वेळेवर पोचली आणि त्यात लिंबाजी नव्हता, हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. तो कागद राहीला कधी बाहेर काढावा लागला नाही, तेही ठाऊक आहे.

पण त्या गुरुवारी आणखी एक गोष्ट झाली.

लिहिता लिहिता अच्युतनं मान वर केली, तर रांगेत महाराज उभे होते. हातात काठी, ऊन डोक्यावर आलेलं. पुढच्या बायका संकोचून बाजूला व्हायला लागल्या होत्या. अच्युत धडपडत उठला.

"महाराज, तुम्ही कशाला उभे राहिलात? इकडं या. सगळ्यांच्या वरची ओळ मी तुमच्यासाठी कोरी सोडली आहे."

महाराजांनी बाजूला झालेल्या बायकांना काठीनं परत आपापल्या जागी उभं केलं.

"ती ओळ खोडून टाक," ते म्हणाले. "आणि जरा हात चालव. माझ्यापुढं अजून चार जणी आहेत."