मेरूची पिशवी

“एकाच आकड्याला दोन उत्तरं कशी येतील, माताजी?”

खटकलं होतं ते एवढंसंच. एक लांबलचक आकडा. ‘मेरू’ म्हणाला, ही मूळ संख्या, हिला भाग जात नाही. त्याच लॅपटॉपवर, मेरूला बाजूला ठेवून दुसऱ्या प्रोग्रॅमला विचारलं, तर सरळ भाग जात होता. तेव्हा घरी चेलना मगदूम अशी दचकली होती, की हातातला चहा की-बोर्डवर सांडला.

मेरू म्हणजे गणिताचं सॉफ्टवेअर. कुणीही फुकट घ्यावं, उघडून पाहावं, दुरुस्त करावं असं. ते सुरू केलं होतं तिच्यासमोर पाटावर बसलेल्या आर्यिका निर्वेदमती माताजींनीच, दीक्षेच्या आधी, कॉलेजात गणित शिकवत असताना. आता त्यांच्याजवळ अंगावरची पांढरी साडी, मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू. मेरू सांभाळायचा तो त्यांच्या विद्यार्थिनीनं, चेलनानं.

गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, माताजींचा चातुर्मास होता. ओवरीत दुसरं कुणी नव्हतं.

“कारण सापडलं?”

“सापडलं. मोठे आकडे हाताळायला आपण दुसऱ्यांनी लिहिलेली लायब्ररी, तयार प्रोग्रॅमचा संच, वापरतो. तिच्यात चूक होती. त्यांनी ती केव्हाच सुधारली, घरोघरच्या कॉम्प्युटरवर पोचलीसुद्धा. मेरू मात्र आपल्या पिशवीतली जुनीच प्रत धरून बसलाय.”

“पिशवीतली.”

“तुम्हीच भरलेली पिशवी, माताजी! लागेल ती प्रत्येक लायब्ररी आतच बांधून द्यायची, कुणाकडे काही मागायला नको.”

माताजी हसल्या. “तेव्हा वाटेवर घरंच नव्हती, बाळ.”

“आता आहेत. म्हणून लोक म्हणतात, पिशवी फेका, ज्याच्या कॉम्प्युटरवर जे असेल ते वापरा. पण कुणाकडे शिळं असलं तर? अर्धकच्चं असलं तर? परवा नवा मेरू बाहेर पडायचाय. मुलं त्याच्या भरवशावर प्रबंध लिहितात. पुन्हा खोटं उत्तर गेलं तर...” ती पाटाजवळ सरकली. “सांगा ना. मी काय करू?”

माताजींनी दोन्ही तळवे उघडून मांडीवर ठेवले.

रिकामे.



सकाळी माताजी आहाराला निघायच्या होत्या. दिवसातून एकदाच अन्न, एकदाच पाणी. निघताना मनात एक अट धरायची, अमुक दिसलं त्याच दारी थांबायचं. आणि ती कुणाला सांगायची नाही. कुठंच नाही दिसलं, तर पाण्याच्या थेंबाशिवाय परतायचं.

अट काय असेल?  चेलनानं सगळंच जमवलं. कलश, नारळ, ऊस, केळीचा घड, मोसंबी, डाळिंब, कमळंसुद्धा. ओचा खोचून ती भलीमोठी परात घेऊन दारात उभी राहिली.

शेजारच्या दारात पद्माक्का होत्या, हातात फक्त नारळ.

“अगं चेलने, आहार द्यायचाय का बाजार मांडायचाय?”

“काही कमी पडायला नको, अक्का.”

“कमी कुठलं पडतंय! परातीआड तूच दिसंनाशी झालीयास.”

तेवढ्यात गल्ली चिडीचूप झाली. माताजी येत होत्या. उजव्या हाताची बोटं मिटून खांद्याला टेकवलेली, नजर पावलांपुढच्या जमिनीवर. दारादारांतून हाका उठल्या, “वंदामि, माताजी, वंदामि! अत्र, अत्र! तिष्ठ, तिष्ठ!” इथे या, इथे थांबा.

चेलनाही ओरडली.

माताजींची नजर परातीवरून गेली... आणि पुढे गेली.

गल्लीच्या टोकापर्यंत त्या गेल्या, तशाच परत फिरल्या. कुठंही थांबल्या नाहीत.

ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत होतं. सत्तरी उलटलेला तो देह ओवरीत भिंतीला न टेकता बसला होता. ओठ कोरडे. चेलनाला त्यांच्याकडे बघवेना.

“माझ्यामुळं उपास घडला का, माताजी?”

“उपास माझा आहे. तो तरी तुझ्या पिशवीत घालू नकोस.”

ती रडता रडता हसली. “मग उद्या दारात काय काय ठेवू?”

“घरात काय आहे?”

“घरात? घरात काय... पाण्याचा कलश आहे. भात असेल.”

माताजींनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी चेलना हातात कलश घेऊन बाहेर आली आणि दचकली. कलशावर ठेवायला नारळ नव्हता. कालची सगळी परात आईनं बस्तीत देऊन टाकली होती.

कुंपणापलीकडे पद्माक्कांचं दार. चार पावलांवर. पण कुणाकडे काही मागायचं म्हटलं, की चेलनाची जीभ टाळूला चिकटायची. नाही म्हणाल्या तर? नारळ खराब निघाला तर?

लांबून पहिली हाक ऐकू आली. माताजी निघाल्या होत्या.

“पद्माक्का... नारळ आहे का?”

ती कुंपणाला जाऊन भिडली.

“अक्का! अहो पद्माक्का!”

“आहे की! आणि तुला दिल्यावर मी काय रिकाम्या हातानं उभी राहू?”

“तुम्हीही इकडंच या ना. आहारासाठी काय केलंय ते घेऊन.”

पद्माक्का कुंपणावरून डोकावल्या. “आत्ता गं बया! दाराला दार लागून जन्म गेला, आज बोलावणं आलं होय?” आणि दुधाचं पातेलं पदराखाली धरून लगबगीनं आल्यासुद्धा.

दोघी एका दारात उभ्या राहिल्या. कलश चेलनाच्या हातात, त्यावर पद्माक्कांनी आपला नारळ ठेवला.

माताजी आल्या. दारासमोरून पुढे सरकल्या. पांढऱ्या साडीचा काठ कलशाला मागे टाकून निघाला...

“वंदामि, माताजी!” चेलनाचा घसा फाटला. “अत्र, अत्र! तिष्ठ!”

पावलं थांबली.

वळली.



पाय धुतले, पाटावर बसवलं. चेलनाच्या घरचा भात, पद्माक्कांच्या घरचं दूध. माताजींनी तळवे जोडून पुढे केले. ताट नाही, वाटी नाही. चेलना घास ठेवायची. अंगठ्यानं तो घास पसरायचा, शीत न् शीत निरखायचं, मगच तोंडात. पुढचा घास. पुन्हा तसंच. जणू जगातला पहिलाच घास आहे.

कुठल्या घरचा, हे त्यांनी डोळ्यांनीही विचारलं नाही.

एकदा अंगठा थांबला. भाताचं एक तूस हलकेच बाजूला सरलं.  तिच्याच घरचा भात! आईनं तीनतीनदा निवडलेला!

मग दूध आलं. ओंजळीत निवळ पांढरं. माताजींनी तेही तितकाच वेळ निरखलं, आणि प्यायल्या.

आहार संपला. हात धुऊन, पिच्छी-कमंडलू घेऊन त्या उठल्या.  इतका वेळ डोळ्यांसमोर काय चाललं होतं, ते आत्ता कुठं चेलनाला दिसायला लागलं होतं.

“कळलं, माताजी. ज्याच्या कॉम्प्युटरवर जे असेल ते मागायचं, निरखून मगच घ्यायचं. पिशवी टाकून देते. सगळीच्या सगळी.”

माताजी पायरी उतरल्या. मागे पाहिलं नाही.

“माताजी...?”

पुढच्या दोन दारांपर्यंत गेल्या.

“माताजी!”

त्या थांबल्या. वळून तिच्याकडे पाहिलं. ओठ अजून दुधानं ओले होते.

“पिशवी राहू दे,” त्या म्हणाल्या. “आधी हाक मार.”