एकोणतीस थेंब

“मग त्यात टाकता तरी काय, अप्पा? सोडा? तुरटी? चुना?”

मठाच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहून शैलजा तोंडारेनं तिसऱ्यांदा विचारलं.

मन्मथअप्पा सुपात डाळ निवडत होते. मठाचे ते मुख्य. पण सोमवारच्या पंगतीची डाळ दुसऱ्या कुणी शिजवलेली त्यांना चालत नसे.

“काय टाकत न्हाई,” ते म्हणाले. “बस की माय. उभ्यानं पाय दुखतेत.”

शैलजा काही बसली नाही. मठात बसायला येणारी माणसं वेगळी, ती छडा लावायला आली होती. नगरपालिकेत पाणी तपासायचं काम तिचं. गावातल्या प्रत्येक नळाचा आकडा तिला तोंडपाठ, आणि तो आकडा आजवर कुणी खोटा पाडला नव्हता, याचा तिला कोण अभिमान.

परवा त्या अभिमानाला ठेच लागली. मठामागच्या साळी गल्लीतल्या बायका थेट ऑफिसात आल्या आणि तुरीच्या डाळीचं पातेलं तिच्या टेबलावर ठेवून गेल्या. कुकरच्या अकरा शिट्ट्या झाल्या होत्या, तरी डाळ दाताखाली कचकचत होती. “पाणी योग्य आहे असं तुम्हीच लिहिता ना बाई? मग तुम्हीच शिजवा,” एवढंच त्या म्हणाल्या.

सगळं ऑफिस बघत होतं. शैलजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उद्या तिची अहवालावर सही व्हायची होती. त्या सहीवर साहेब ठरवणार होते, की धरणाची नवी लाइन साळी गल्लीपर्यंत न्यायची, की जुन्या बोअरवरच आणखी काही वर्षं भागवायचं.

आणि अशात तिच्या कानावर आलं, की त्याच पाइपावरच्या मठात डाळ लोण्यासारखी शिजते. बायकांना खोटं पाडायला याहून चांगला पुरावा कुठला मिळणार होता? पण खरं सांगायचं तर आता तिला नुसतं जिंकायचं नव्हतं. हे होतं कसं, या कोड्यानं तिचा दोन दिवस पिच्छा पुरवला होता.

आज नळाचा दिवस होता. पाच दिवसांतून एकदा, तोही पाऊण तास. अंगणातल्या तोटीखाली पिंप नुकतंच भरलं होतं. शैलजानं पिशवीतून काचेची नळी काढली, तोटीचं पाणी घेतलं, चिमूटभर पूड टाकली. पाणी लालसर झालं. मग औषधाचे थेंब सोडत ती मोजू लागली. जितके थेंब जास्त, तितकं पाणी जड, म्हणजे क्षारांचं; एका थेंबाचे वीस.

एकोणतिसाव्या थेंबाला लालाचं निळं झालं.

“पाचशे ऐंशी,” ती म्हणाली. “मर्यादा सहाशेची आहे. गल्लीतही एवढंच येतं.”

“बरं.”

“म्हणजे आकडा खरा आहे, अप्पा.”

“मी कुटं खोटा म्हणलो?”

उन्हानं घशाला कोरड पडली होती. तिनं पिशवीतली बाटली काढून दोन घोट घेतले. ऑफिसातल्या जारचं गार पाणी होतं. अप्पांनी एकदा बाटलीकडे बघितलं आणि पुन्हा सुपात मान घातली.

चुलीच्या बाजूला झाकण घातलेला मोठा हंडा होता.

“डाळीला हेच घेता?”

“हेच.”

तिनं वरचं पाणी नळीत घेतलं. थेंब मोजू लागली. दहा… बारा… चौदा.

निळं.

तिला वाटलं, मोजण्यात चुकले. पुन्हा घेतलं. पुन्हा चौदाच. नोकरीच्या नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. निम्मा जडपणा गेला कुठं? पोरीसारखी अधीर होऊन तिनं डाव उचलला, हंड्यात तळापर्यंत घातला आणि बुडाशी काय दडवलंय ते बघायला गरागरा फिरवला.

नितळ पाणी बघता बघता गढूळ झालं. पांढरी कणी वर येऊन भिरभिरू लागली.

अप्पांनी सूप खाली ठेवलं.

“ढवळलंस.”

ते रागावले नव्हते. पण बाहेर पंगतीला आलेली म्हातारी माणसं पत्रावळ्या घेऊन बसली होती, आणि डाळ अजून चुलीवर चढायची होती. शैलजाच्या ते ध्यानात आलं आणि ती मनापासून ओशाळली.

“आता काय करायचं?”

“काय न्हाई. पहाटं उकळलं हुतं, मग ठिवलं हुतं. आता परत ठिवायचं.”

“किती वेळ?”

“बसंल तवर.”

…

आता मात्र ती बसली. एकदा उठून हंड्यात डोकावली. अप्पांनी नुसता हात खाली केला. ती पुन्हा बसली. बाटली हळूहळू रिकामी होत गेली. बाहेर कुणीतरी खोकलं, कुणीतरी विचारलं, “अजून येळ हाय का?”

दीड तासानं पाणी पुन्हा नितळ झालं. अप्पांनी वरचं वरचं पाणी डाळीच्या पातेल्यात काढलं, तळाला हात लावला नाही. पातेलं चुलीवर चढलं. हंड्याच्या बुडाशी शैलजाला आता स्वच्छ दिसलं: पांढरा, पिठूळ गाळ.

तिला एकदम उलगडलं. इतका आनंद झाला, की तिनं तिथंच वही उघडली.

“सुटलं, अप्पा. उकळायचं आणि निवळू द्यायचं. पुस्तकात आम्ही हेच शिकलो होतो, पण हंड्यात कधी बघितलं नव्हतं. आता अहवालात एक ओळ वाढवते. नागरिकांनी पाणी उकळून, निवळून वापरावं. आकडाही खरा, बायकांची डाळही शिजेल. नव्या लाइनचा प्रश्नच मिटला.”

अप्पा चुलीत लाकूड सरकवत होते. मठाच्या परसात लाकडाची रास छपराला टेकली होती.

“पहाटंपास्नं किती लाकूड जळलं, लिवलंस का?”

“ते कशाला लिहायचं?”

अप्पांनी आणखी एक लाकूड आत सारलं.

“गल्लीत गॅस आहे की घरोघरी,” ती म्हणाली. मग जरा थांबून, कुणी विचारलं नसताना म्हणाली, “आणि आमचं काम नळातलं पाणी तपासायचं. पुढं ज्यानं त्यानं बघावं. पाणी पिण्यास योग्य आहे. मी तसं लिहिते, नियमात बसतं म्हणूनच लिहिते.”

“लिव की.”

तिनं लिहिलं. तारीख टाकली. सही तेवढी उद्यावर ठेवली.

डाळ रटरटू लागली होती. चुलीची धग आणि बाहेरचं ऊन, दोन्हींनी तिचा जीव कासावीस झाला. बाटली तोंडाला लावली. थेंबही नव्हता.

“अप्पा, जरा पाणी मिळेल का?”

अप्पा उठले. कोपऱ्यातला पितळी तांब्या घेतला. हंड्याजवळून पुढं गेले, अंगणात उतरले, पिंपात तांब्या बुडवला आणि काठोकाठ भरून तिच्यापुढं धरला.

तिनं हात पुढं केला… आणि तो तांब्याजवळ जाऊन थबकला.

तिची नजर आपसूक हंड्याकडे गेली. वर अजून दोन-तीन तांबे नितळ पाणी होतं.

“त्यातलं द्या ना, अप्पा.”

अप्पांनी तांब्या हलवला नाही.

“हे तुझ्या अहवालातलं हाय, माय. पी.”