मुळाचं काय झालं?

"मग गुण कापायचे की नाही, बाई? विज्ञानाच्या शिक्षकाने शुद्धलेखन बघायचं की नाही?"

खानोलकर बाई ओसरीवर कोकमं वाळवायला रातांबे फोडत बसल्या होत्या. उभी हयात त्यांनी गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवलं. निरंजन त्यांचाच विद्यार्थी, आता त्यांच्याच जागेवर शिकवणारा.

"तू काय करतोस?"

"चुकीच्या शब्दाला अर्धा गुण कापतो. ज्याला शब्द नीट लिहिता येत नाही, त्याला मोजमाप काय नीट जमणार?"

"हं..."

"सवय तुमचीच लागलीय. आमच्या वेळी तुम्ही कुणाला सोडत नव्हतात."

"नव्हतेच सोडत. बसलायस तर हात चालव. बिया त्या पातेल्यात टाक."

निरंजनने बियांना हात लावला नाही. त्याने पिशवीतून दोन उत्तरपत्रिका काढल्या.

"ही सगुणा झोरे. नववीतली. धनगरवाड्यावरून चालत येते. हिचे वडील उद्या शाळा सोडल्याचा दाखला न्यायला येतायत. म्हणते, मला विज्ञान येत नाही, घरीच बसते. हेडमास्तर मला म्हणाले, तुझ्या लाल पेनाने पोर घालवलीस. आता तुम्हीच बघा."

पहिली उत्तरपत्रिका सहामाहीची. प्रश्न होता, पावट्याचं बी रुजताना तुम्ही काय पाहिलंत? पानभर उत्तर, आणि पानभर लाल गोल.

दुसरी वार्षिक परीक्षेची. प्रश्न तोच. उत्तर तीन ओळी. लाल गोल एकही नाही.

"सुधारली की नाही?" निरंजन म्हणाला. "मग माझं चुकलं कुठे?"

बाईंनी पहिलं पान सावकाश वाचलं. ओठ हलत होते. मध्येच एकदा त्या स्वतःशीच हसल्या. मग तीन ओळी वाचल्या. त्याला वेळ लागला नाही.

त्यांनी रसाने भिजलेला हात पहिल्या पानावर ठेवला.

"हिने बरणी आडवी करून ठेवली होती."

"कुणी?"

"सगुणाने. रुजत्या पावट्याची बरणी. मग मुळाचं काय झालं?"

निरंजन पानाकडे बघू लागला. पानावर बाईंचा हात होता.

"वळलं असेल... मूळ खालीच जातं. पुस्तकात आहे."

"पुस्तकातलं नाही विचारलं. हिच्या बरणीतलं विचारलं."

निरंजनने दुसरी उत्तरपत्रिका उलटून पाहिली.

"वाचलंस ना?"

"तपासलं, बाई."

रातांब्याचा रस लाल गोलांवरून पसरत गेला.

निरंजनने पान ओढून घ्यायला हात पुढे केला. बाईंनी आपला हात उचलला नाही.

"हे राहू दे माझ्याकडे. उद्या सकाळी वाड्यावर जा, तिचा बाप निघायच्या आत. तिच्या तोंडून ऐक."

तो उठला. पायरीपाशी थांबला.

"आणि शुद्धलेखन?"

"ते शिकवायचंच. कुणाला सोडायचं नाही." बाईंनी पुढचा रातांबा हातात घेतला. "आधी बघून ये, तिच्याकडे लिहायला काही उरलंय का."